मदत हवी आहे : सुपर ८ प्रोजेक्टरला कोणती लेन्स लावावी?

नमस्कार मंडळी. माझ्या सुपर ८ (घरगुती चित्रणाची जुनी ८ मिमी फिल्म) प्रोजेक्टरवर १५ ते २५ मिमीची एफ १.३ (हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त) झूम लेन्स आहे. मधले चेहरे इतके स्वच्छ दिसतात की आजीच्या नथीतला मोती ओळखू येतो, पण कडेची माणसं पुसट होतात. एफ १.१ ची लेन्स मिळतेय. हिशेबाने उजेड सुमारे ४० टक्के वाढायला हवा. पण दिव्याचा झोत तेवढी काच भरतो का? शिवाय फिल्म जराशी वाकली तरी फोकस जाणार, ही खरी धास्ती. त्यापेक्षा २० मिमीची बिनझूम लेन्स बरी का? तीन मीटरवरून चित्र जेमतेम ८० सेंटीमीटर रुंद येईल, ते चालेल. दोन्ही वापरलेल्यांनी कडांबद्दल आवर्जून सांगा. आणि लेन्सच्या नळीचा व्यास नेमका कुठे मोजायचा?