घरी केलेला ट्यूब प्रीअँप घुमतोय, कोणती ट्यूब घेऊ?

अर्धवट_सर्किट
मंडळी, तीन महिने रविवारी बसून एकदाचा प्रीअँप (मुख्य अँपच्या आधी सिग्नल वाढवणारं सर्किट) उभा केला. एकच १२एएक्स७ ट्यूब, तिच्यातले दोन्ही ट्रायोड (सिग्नल वाढवणारे भाग) एकामागे एक, मध्ये व्हॉल्यूम पॉट (फिरवायचा रझिस्टर). ट्रायोडच्या प्लेटला १०० के ओमचा रझिस्टर, कॅथोडला १.५ के, एचटी (ट्यूबचा हाय व्होल्टेज पुरवठा) २५० व्होल्टच्या आसपास. गाणं चालू असताना झकास, थांबलं की फ्रीज सुरू झाल्यासारखी घूं. दोन ट्यूब बदलून पाहिल्या, फरक शून्य. तिसरी जरा भारीतली मागवायच्या बेतात आहे. कोणती घेऊ?

जुना_व्हॉल्व्ह
कुठलीच नको. दोनदा बदलूनही घूं तशीच, म्हणजे ट्यूब बिचारी निर्दोष आहे. व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर काय ऐकू येतं?

अर्धवट_सर्किट
जाडी घूं जाते. मागे बारीक झर्र उरते, ती पॉट कसाही फिरवा, तेवढीच.

जुना_व्हॉल्व्ह
मग दुखणी दोन आहेत. पॉटबरोबर जाते ती पहिल्या ट्रायोडात शिरतेय. खर्जातली म्हणजे ५० हर्ट्झ, बहुतेक हीटर (ट्यूब आतून तापवणारी तार). झर्र पॉटच्या पुढे शिरतेय. ब्रिजनंतरचा (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांनंतरचा) रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, १०० हर्ट्झचा असतो, तो असाच कडक वाजतो. हीटरच्या तारा कशा नेल्यात? ट्रान्सफॉर्मरच्या हीटर वाइंडिंगला सेंटर टॅप (मधोमध काढलेली तार) आहे का?

फ्यूजउडवा
माझ्याकडे अशीच घूं होती. प्लगची अर्थ पिन काढली, गप्प झाली. दोन मिनिटांचं काम.

सोल्डरवाला
आयडी फ्यूजउडवा आणि सल्ला फ्यूज न उडण्याचा! हे कृपया कोणी करू नका. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर चॅसिसवर (धातूच्या पेटीवर) मेन्स येतं आणि करंटला तुमच्याशिवाय वाट उरत नाही. अर्थ लूप (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थमधून बनलेलं वेटोळं) असलाच तर सिग्नलच्या बाजूने तोडायचा.
धागाकर्ते, एचटीच्या कपॅसिटरवर २२० के, २ वॅटचा ब्लीडर (बंद केल्यावर साठलेला चार्ज सोडणारा रझिस्टर) आहे ना? नसेल तर आधी तो लावा. बंद केल्यावरही दोन मिनिटं थांबा आणि मीटर लावल्याशिवाय आत हात घालू नका.

अर्धवट_सर्किट
ब्लीडर आहे. सेंटर टॅप नाही. हीटरचं एक टोक चॅसिसला, तारा सरळ, पहिल्या ग्रिडच्या (ट्रायोडात सिग्नल जिथे शिरतो त्या टोकाच्या) तारेला खेटून. लिहितानाच लाज वाटतेय.

जुना_व्हॉल्व्ह
सगळ्यांनी केलंय हे. तारांना घट्ट पीळ घाला, चॅसिसच्या कोपऱ्यातून न्या, ग्रिडची तार ओलांडायचीच तर काटकोनात. आणि हीटरच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला १०० ओमचा एकेक रझिस्टर. झाला सेंटर टॅप.

अर्धवट_सर्किट
केलं. एक रझिस्टर चटका बसेल इतका तापला, वास सुटला. दुसरा गारेगार!

सोल्डरवाला
चॅसिसला गेलेली जुनी तार काढलीत का? नसेल तर गार रझिस्टरची दोन्ही टोकं ग्राउंडला आहेत आणि दुसऱ्यावर सगळे ६.३ व्होल्ट, म्हणजे ०.४ वॅट. पाव वॅटचा जळणारच. तार काढली की प्रत्येकी ०.१ वॅट. भाजलेला मात्र बदला, दोन्ही सारखे हवेत.

अर्धवट_सर्किट
तार तशीच होती. काढली, घूं गेली! झर्र आहे.

जुना_व्हॉल्व्ह
पहिल्या फिल्टर कपॅसिटरची मायनस कुठे जोडलीय?

अर्धवट_सर्किट
आउटपुट सॉकेटच्या लगला (सोल्डर करायच्या पत्तीला), तिथे जागा होती. ब्रिजची मायनस ट्रान्सफॉर्मरपाशी चॅसिसला.

जुना_व्हॉल्व्ह
सापडलं. तो कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा झटक्याझटक्याने भरतो आणि प्रत्येक झटका तुमच्या आउटपुटच्या ग्राउंडवरून परत जातोय. ब्रिजची मायनस थेट त्या कपॅसिटरच्या पायाला जोडा. तिथून एकच तार दुसऱ्या कपॅसिटरला, आणि सिग्नलची सगळी ग्राउंड या दुसऱ्यापाशी. ही ग्राउंड चॅसिसला एकाच ठिकाणी, इनपुट सॉकेटजवळ. सॉकेट चॅसिसपासून इन्सुलेट करायला विसरू नका, नाहीतर मागच्या दाराने तेच.

अर्धवट_सर्किट
काका, दंडवत. झर्र गेली. आता व्हॉल्यूम पूर्ण करून स्पीकरला कान लावला तर हलकी सूं, आणि ट्यूबला पेन्सिल लागली की टण्ण.

जुना_व्हॉल्व्ह
सूं थोडी राहणारच. पहिला १०० के कार्बनचा असेल तर मेटल फिल्म लावून बघा. टण्ण म्हणजे ट्यूब मायक्रोफोनिक आहे, धक्का लागला की तो आवाज बनून ऐकू येतो. त्या आधीच्या दोन फेकल्या नाहीत ना?

अर्धवट_सर्किट
नाही. आत्ता त्यातली एक लावली. पेन्सिल मारली तर नुसती टुक.