अनुभव धागा : आगमनकाळात कुणाचं काय देणं लागतो?

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, लागला की आमच्या वसईच्या धर्मग्रामांत (पॅरिशांत) देवळाच्या दारात खोके येतात. चादरी, तांदूळ, जुनी खेळणी. नाताळापर्यंत ते भरतात, कुठेतरी जातात, आणि जानेवारीत कुणी त्यांचं नाव काढत नाही. त्यात वाईट काही नाही, पण हा धागा त्यासाठी नाही.

देवळातली वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात असतात. त्यातल्या 'क' वर्षात आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातला उतारा वाचतात. लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही करावं काय? दोन अंगरखे असतील तर एक द्या, हे उत्तर सगळ्यांना पाठ. पुढची दोन उत्तरं मात्र प्रवचनात उरकली जातात. जकातदारांना तो सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना सांगतो, धाकदपटशाने पैसे उकळू नका, पगारात भागवा. मला या दोन उत्तरांचे अनुभव हवेत. कुणाची मजुरी, कुणाची रजा, कुणासाठी सही, कुणाशी वाद. नावं घालू नका, गाव पुरे. फसलेले प्रयत्नही चालतील.

नंदाखाल, वसई

आमच्या बायकांच्या मंडळात धुणीभांडी करणाऱ्या बायांचा विषय निघाला. चोवीस-पंचवीस डिसेंबरला घर पाहुण्यांनी भरलेलं, तेव्हा बाई हवीच. आपण नटूनथटून मध्यरात्रीच्या मिस्सेला (नाताळच्या उपासनेला) जाणार आणि पातेली तिच्या वाटची भिजत पडणार. ठरलं असं की पंचवीसला भरपगारी सुट्टी आणि डिसेंबरात एक पगार जादा. हे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आधीच सांगून टाकायचं, म्हणजे सणासाठी तिला उसनवारी नको. बैठकीत "आमची बाई घरच्यासारखीच आहे" हे इतक्यांदा झालं की शेवटी एक म्हातारी म्हणाली, "मग टेबलावर बसून जेवते का गं?" सगळ्या गप्प.

माझ्याकडे येणारीला सांगितलं तर तिने पहिलं विचारलं, "म्हणजे खाडा नाय ना धरनार?" पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. करंज्या आणि केकचं ताट ती दरवर्षी हसून घेते. या वेळी नोटा माझ्यासमोर मोजल्या, कमी नाहीत ना ते पाहिलं आणि मग पिशवीत ठेवल्या. मला ते आवडलं. निम्म्या घरांनी अजून काही केलेलं नाही, हेही लिहून ठेवते.

श्रीरामपूर तालुका

वरच्या ताईंनी खाड्याचं लिहिलं म्हणून लिहायला बसलो. आमच्याकडे आगमनकाळ म्हणजे ऐन गाळप हंगाम. बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आलेल्या असतात, रानात कोप्या (झोपड्या) उभ्या असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल (आगाऊ रक्कम) घेतो तो, फेडायची दोघांनी, आणि ती फिटली की नाही हे फक्त मुकादमाच्या वहीला ठाऊक.

आम्ही युवक रविवारी स्वेटर आणि खाऊ घेऊन जायचो. मग एका सिस्टरांनी सुचवलं, खाऊ राहू द्या, वह्या न्या. प्रत्येक कोयत्याला एक शंभर पानी वही. आजची खेप, टन, वजनाची पावती, वाढं (उसाचे शेंडे) विकून आलेले पैसे, खाडा. माणसं भेटणार कधी, तर गाडी कारखान्यावर खाली होऊन परत आल्यावर. म्हणजे रात्रीच. चुलीच्या उजेडात आणि मोबाइलच्या बॅटरीवर लिहायचं. एका बाईला ताप होता त्या दिवसांचे खाडे लागलेले, आणि दंड पूर्ण कोयत्याचा, नवरा फडात असूनही. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण बेरीज अशी एका जागी दिसली नव्हती. आकडा वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "येवढ्यात शेळी आली असती की."

मुकादम चिडला. देवळाची माणसं हिशेबात कशाला, म्हणाला. मग निम्मा दंड सोडला. निम्माच. पुढे जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा नव्या दराने फरक किती निघतो हे दाखवायला याच वह्या कामी आल्या.

आता थोडं आमचंही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. शिखांना १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये. माझे आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ एकाच वाड्यातले. पाणवठ्यावर गावाने दोघांना सारखंच लांब ठेवलं, पण कचेरीत दोघांच्या नातवंडांचे कागद वेगळे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी दलित मुक्ती रविवार असतो. वसईकरांनो, त्या दिवशी तुमच्याकडे प्रवचन कशावर असतं, तेवढं सांगा.

वांद्रे

२०२० चा आगमनकाळ. देवळं जेमतेम उघडलेली. आदिवासींसाठी काम करणारे जेझुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी म्हणून तळोजा कारागृहात होते, वय ८३, कंपवाताने पेला हातात धरता येत नव्हता. त्यांनी कोर्टाकडे सिपर (नळीचा, झाकणाचा पेला) मागितला होता. पहिला रविवार २९ नोव्हेंबरला होता, त्याच सुमारास लोकांनी देशभरातून तुरुंगाच्या पत्त्यावर सिपर पाठवायला सुरुवात केली. मीही एक पाठवला, निळ्या झाकणाचा, मुलांच्या दुकानातून घेतलेला. आत पोहोचला का, कळायला मार्ग नाही.

आमच्या व्हॉट्सअॅप गटात यावरून भांडण जुंपलं. राजकारण देवळात नको, आरोप गंभीर आहेत, खटला चालू द्या. आरोप त्यांनी नाकारले होते, आणि खटला उभा राहण्याआधीच ५ जुलै २०२१ रोजी ते कोठडीतच गेले. ज्यांनी तेव्हा गट सोडला त्यातले काहीजण अंत्यविधीच्या ऑनलाइन मिस्सेला हजर होते. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, माहीत नाही.

हॅम्बुर्ग

इथे नर्स आहे. आगमनमाळेवरच्या चार मेणबत्त्या आपण घरोघरी लावतो, तिचा उगम याच शहरातला. १८३९ मध्ये योहान विखेर्न नावाच्या प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञाने निराधार मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. "नाताळ कधी?" म्हणून मुलं रोज भंडावायची, म्हणून. आता बाजारात तीच माळ सजवून केवढ्याला विकतात ते विचारू नका.

मडगांव

थोडा विरोध नोंदवतो. खोक्यांना इतकं हिणवू नका. मी व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीत आहे. आम्ही शिधा घेऊन जातो, पण खोका ठेवून पळत नाही, बसतो. बसल्यावरच कळतं की भाडं थकलंय, पोराची शाळा सुटलीय, म्हाताऱ्याची पेन्शन एका सहीसाठी अडलीय. पॅरिसमध्ये १८३३ साली ही सोसायटी काढणारा ओझानाम तेव्हा २० वर्षांचा विद्यार्थी होता, आणि पुढे तोच न्याय्य मजुरीवर बोलला. आधी घरात शिरल्याशिवाय वही कुठली उघडणार?

पापडी, वसई

आमच्या पोरांनी गोठ्याच्या (येशूजन्माच्या देखाव्याच्या) स्पर्धेत निळ्या ताडपत्रीची झोपडी केली, शेजारी बांधकामाची सळी आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणी. परीक्षकांनी लिहिलं, "कल्पना चांगली, पण प्रसन्न वाटत नाही." पहिला नंबर धबधब्याला.

धागाकर्ती

श्रीरामपूरकर, खरं सांगायचं तर त्या रविवारी आमच्याकडे एक प्रार्थना वाचली जाते. प्रवचन मी तरी ऐकलेलं नाही, फादरांशी बोलते. मडगांवकर, मुद्दा मान्य. आणि श्रीरामपूरकर, तुमच्या त्या वहीचा नमुना मिळेल का? आमच्या पूर्वेला दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात, कातकरी कुटुंबं बयाणा घेऊन येतात. तिथेही वही मालकाकडेच.

श्रीरामपूर तालुका

रकाने असे : तारीख, काम, पावती नंबर, मजुरी, बयाण्यात वळते केलेले, हातात दिलेले, खाडा आणि त्याचं कारण. भट्टीवर टनाऐवजी हजार विटांचा हिशेब धरा. पावती नसेल तर मोबाइलवर मालकाच्या वहीच्या पानाचा फोटो काढा, महिन्यातून एकदा तरी. वही कोपीतच राहू द्या, तुमच्याकडे नको. आणि अंगठा किंवा सही नवरा-बायको दोघांची घ्या.