खाज, चाटण आणि रात्रीची जागरणं : तुमच्या छोट्या भुभूचे अनुभव

अर्धीझोप

काल रात्री अडीचला जाग आली. वरच्या मजल्यावर नवीन पिल्लू आलंय, त्याच्या पट्ट्याची चकती वाजत होती. छन् छन् छन्, जरा थांबून परत छन् छन्. ज्यांच्या घरी खाजणारं कुत्रं होतं त्यांना हा आवाज समजावून सांगावा लागणार नाही. अर्धवट झोपेतच माझा हात पलंगाखाली गेला, तिचा पाय धरायला. आमची ठकी जाऊन चार वर्षं झाली.

साडेपाच किलोची होती. ल्हासा आणि आणखी कशाची तरी मिसळ. अंग पांढरं, पंजे मात्र विटकरी. मला कितीतरी महिने वाटायचं की तिचा रंगच तसा. तो लाळेचा रंग असतो हे नंतर कळलं. सतत चाटलं की लाळेतली रंगद्रव्यं केसांवर चढतात.

दीड वर्षाची असताना सुरू झालं आणि पुढची दोन वर्षं मी तिच्या खाण्याच्या मागे लागले. चिकन बंद. मग भात बंद. मग नवीन पाकीट, मग त्याहून नवीन. कशालाच तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिले नाहीत. तिसऱ्या व्हेटने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातलं एक तरी आठ आठवडे केलंत का?" नव्हतं केलं. मग त्यांनी शेपटीच्या मुळाशी बारीक कंगवा फिरवला, निघालेले काळे कण ओल्या कापसावर ठेवले. कापूस तांबडा झाला. पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मी म्हटलं, डॉक्टर, मला आजपर्यंत एक पिसू दिसली नाही हो. ते म्हणाले, दिसणार कशी, ती दिवसभर चावून चावून गिळतेय. आणि ज्याला पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला दोन-चार चावे पुरतात.

गोष्ट इथे संपायला हवी होती. औषधाने पाठ बरी झाली, पंजे आणि कान नाही. म्हणजे एक नाही, दोन भानगडी होत्या. खाण्याची परीक्षा शेवटी नीट आठ आठवडे केली, काही निघालं नाही. उरलं ते धूळ, गवत, हवा यातलं काहीतरी, जे शेवटपर्यंत सांभाळत बसलो.

हे सगळं ठीक. पण ती दोन वर्षं मी रोज रात्री तिच्यावर "ए, बास!" म्हणून खेकसत होते. काल तेच आठवत पडले होते.

तुमचे अनुभव लिहा. उपाय नाही लिहिले तरी चालेल.

तळ्याकाठी

आमच्याकडेही "बास"च. त्याने काय झालं सांगू? तो समोर चाटायचा थांबला आणि सोफ्यामागे जाऊन चाटायला लागला. आम्ही खूश, की बघा सुधारला. महिन्याने सोफा सरकवला तर तिथली लादी चिकट.

पळतेय_नंतर_लिहिते

आमचा पग. कान!! दूध उतू चाललंय, नंतर सविस्तर

बिनसाखरेची

खाण्याची परीक्षा घरात माणसं असताना करणं अशक्य आहे, मी लिहून देते. आमच्या घरी पाच माणसं, कुत्रा एक, वजन चार किलो. त्याने आयुष्यात कधी खाल्लं नव्हतं असं एकच मांस आणि बटाटा, बाकी पाणी. तक्ता करून फ्रिजवर लावला. सहाव्या आठवड्यात व्हेट म्हणाल्या, जंताची गोळी कोणती दिलीत? चिकनच्या चवीची. मी डोकं धरून बसले. घरी येऊन सगळ्यांना फैलावर घेतलं तर सासूबाई हळूच म्हणाल्या, "मी चीज फक्त नखाएवढं देते गं." रोज. नखाएवढं. सहा आठवडे!

पहिल्यापासून परत. दुसऱ्या खेपेला सातव्या आठवड्यात रात्रभर झोपला. आम्हीच उठून उठून बघत होतो, श्वास चालू आहे ना. मग व्हेटने सांगितलं, आता मुद्दाम चिकन द्या, नाहीतर कळणार कसं की खाण्यानेच फरक पडला? जिवावर आलं पण दिलं. तिसऱ्या दिवशी खाजवायला लागला. तेव्हापासून आमच्याकडे चिकन हा शब्द हळू आवाजात उच्चारतात.

अर्धीझोप

नखाएवढं! चार किलोच्या जिवाला नखाएवढं म्हणजे आपल्याला वाटीभर.

बिनसाखरेची

हेच मी म्हणाले. त्यावर "मग माझं नख कापून टाक"

कोपऱ्यातली_खुर्ची

हाहाहा, सासूबाईंना दंडवत.

रानवाट

ग्रेन-फ्री, म्हणजे धान्य नसलेल्या खाण्याची पाकिटं आणून कोणाला फरक पडलाय का? दुकानात सगळे तेच सुचवतात. आमच्या पॉमला काही झालं नाही, मी मात्र दोन महिने मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगत होतो.

बिनसाखरेची

@रानवाट, ज्यांना खाण्याची ॲलर्जी असते त्यांच्यात बहुतेक वेळा गुन्हेगार प्रथिन असतं. बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन ही नेहमीची नावं. गहूही असतो यादीत, पण ग्रेन-फ्री पाकिटात चिकन असेल तर काय उपयोग. मी पाकिटाची मागची बाजू वाचायला लागले तेव्हा कळलं की पुढे मोठ्ठ्या अक्षरात मासा आणि मागे बारीक अक्षरात कोंबडीची चरबी. आणि हो, रक्त किंवा केस पाठवून खाण्याची ॲलर्जी शोधणाऱ्या तपासण्यांच्या नादी लागू नका. आम्ही लागलो होतो. त्यात चिकन "सुरक्षित" आलं होतं!!

वाळूचं_घड्याळ

आमची कथा वेगळी. पिल्लू आणलं, आठवड्यात ते खाजवायला लागलं. मग मी. मग ही. मग मुलगा. एका रांगेत चौघे सोफ्यावर बसून खाजवतोय असं दृश्य. मला वाटलं साबण बदलला म्हणून.

व्हेटने पिल्लाच्या कानाची कड बोटांत धरून चोळली, त्याबरोबर मागचा पाय सायकल मारल्यासारखा हलायला लागला. म्हणाले, खरूज असू शकते. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, काही मिळालं नाही. तरी औषध दिलं, कारण हे किडे खरवडण्यात बऱ्याचदा सापडतच नाहीत. हळूहळू कमी होत थांबलं. आमचं आपोआप थांबलं, हे किडे माणसावर फार दिवस टिकत नाहीत म्हणे. पण त्या मधल्या काळात पाहुणे आले की आम्ही कोणीच खाजवायचं नाही असा ठराव होता.

तळ्याकाठी

चहूबाजूंनी वाचून अंगाला खाज सुटली. खरंच. कोणाकोणाला सुटलीये?

रानवाट

+१

मोगराफूल

+१, डोकं

कोपऱ्यातली_खुर्ची

पिसवांबद्दल. आम्ही दोन्ही कुत्र्यांना महिन्याची गोळी चालू केली तरी पिसवा दिसतच होत्या. औषध खोटं आहे म्हणून मी भांडायलाच निघालो होतो. मग कळलं की अंगावर दिसतात त्या म्हणजे थोड्याशाच. अंडी, अळ्या, कोष हा बाकीचा सगळा संसार गालिच्यात, गादीखाली, फटीत. कोषापर्यंत काहीच पोचत नाही. एकदा तीन आठवडे घर बंद ठेवून आलो, दार उघडून आत पाऊल टाकलं आणि पिंडऱ्यांवर तुटून पडल्या. पावलांच्या हादऱ्याने आणि अंगाच्या उबेने कोष फुटतात म्हणे. म्हणजे आमची वाटच बघत होत्या. त्यानंतर तीन महिने गोळी न चुकवता, व्हॅक्यूम रोज, अंथरुणं कडक गरम पाण्यात. मग संपलं. घरात एकालाच औषध देऊन चालत नाही, सगळ्या प्राण्यांना द्यावं लागतं.

मोगराफूल

सगळ्या प्राण्यांना म्हणजे सगळ्यांना तेच औषध असं कोणी समजू नका हो!! आमच्याकडे मांजर आहे. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या थेंबांतलं थोडं तिलाही टाकावं असं चाललं होतं. पाकिटावर परमेथ्रिन हे कीटकनाशक लिहिलेलं बघून लेकीने हात धरला. मांजरांना ते विष आहे, झटके येतात, जीव जातो. कुत्र्याला लावल्यावरही सुकेपर्यंत मांजर त्याला चाटणार नाही हे बघावं लागतं. आमची तर त्याच्या मानेवरच झोपते.

वाळूचं_घड्याळ

मोगराफूल, मांजर आणि कुत्रा एकत्र झोपतात? आमच्याकडे तहसुद्धा होत नाही.

मोगराफूल

आधी मांजर आणायचं, मग कुत्रा. घर तिचं आहे हे त्याला पहिल्या दिवशी कळलं पाहिजे. त्याच्या नाकावर एक बसली होती, तेवढीच.

वाळूचं_घड्याळ

उलटं केलं आम्ही. भोगतोय.

पायरीवर_ऊन

औषधांचं लिहिते. आमच्या शिह त्झूला आधी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. खाज गेली, दुसऱ्याच दिवशी गेली. पण ती दुसरीच कुणी झाली. पाण्याचं भांडं रिकामं, परत रिकामं. रात्री तीनदा बाहेर. एकदा मी उठले नाही तर माझ्या चपलेत. भूक अशी की कांद्याची टरफलं पळवायला बघत होती (कांदा त्यांना विषारी, ओढून काढली तोंडातून). मला ते सगळं बघवेना, मनाने बंद करणार होते. व्हेटने फोनवर ओरडून सांगितलं, एकदम बंद करायचं नाही, पायरीपायरीने कमी करायचं. बरं झालं विचारलं.

मग ऑक्लासिटिनिब, खाजेवरची वेगळी गोळी. ते मात्र जादू. सकाळी गोळी, संध्याकाळी ती खिडकीत बसून रस्ता बघतेय. नुसती बघतेय! खाजवत नाही, चाटत नाही. मी रडले. बहिणीच्या पिल्लालाही तेच हवं होतं पण ते नऊ महिन्यांचं, आणि एक वर्षाखाली देत नाहीत. आता आमची महिन्याच्या इंजेक्शनवर आहे, लोकिव्हेटमॅब. खाजेचा निरोप मज्जातंतूंकडे नेणारं जे प्रथिन आहे त्यालाच ते पकडून ठेवतं. सगळ्यांना लागू पडतं असं नाही. आमच्याकडे चौथ्या आठवड्याच्या शेवटी पंजा तोंडात दिसला की कॅलेंडर बघावं लागत नाही.

एक_डोळा_घड्याळाकडे

मी माणसांची ॲलर्जीची गोळी दिली होती, सेटिरिझिन, डॉक्टरांना विचारून. खाज तेवढीच, फक्त तो पेंगत पेंगत खाजवायचा. काही कुत्र्यांनाच फायदा होतो म्हणाले. पण घरातली सर्दीची गोळी उचलून देऊ नका कोणी. नाक मोकळं करणारं औषध त्यात बऱ्याचदा मिसळलेलं असतं, कुत्र्यांना ते फार धोक्याचं. तसंच टी ट्री ऑइल. "नैसर्गिक" लिहिलं की आपण सैल होतो.

कोपऱ्यातली_खुर्ची

अंघोळीबद्दल कोणीच बोलेना. क्लोरहेक्सिडिनचा, म्हणजे जंतुनाशक शाम्पू, दहा मिनिटं अंगावर ठेवायचा. दहा. मिनिटं. तीन किलोचा ओला उंदीर हातात धरून. पहिल्या मिनिटाला तो थरथरतो, तिसऱ्याला माझ्याकडे बघत नाही, पाचव्याला मी माफी मागतो. आता आम्ही कोरड्या अंगावरच शाम्पू चोळतो आणि टॉवेलात गुंडाळून बातम्या बघतो. व्हेटना विचारलं, चालेल म्हणाले, नंतर नीट धुवा म्हणजे झालं.

तळ्याकाठी

ओला उंदीर! आमचा अंघोळीनंतर अर्धाच उरतो, बाकीचे सगळे केस.

पायरीवर_ऊन

चाटू नये म्हणून गळ्यात घालतात त्या भोंग्याचे अनुभव येऊ द्या. आमची भोंगा घालून माझ्या नडगीवर मुद्दाम आदळायची. शेवटी बाळाचा जुना शर्ट घातला, पोटाची चाटाचाट थांबली. पंज्यांना मोजे टिकले नाहीत. एक मोजा अजून सापडलेला नाही.

रानवाट

सापडेल. आमचा दोन दिवसांनी "सापडला" होता.

एक_डोळा_घड्याळाकडे

रानवाट, जेवतोय.

मोगराफूल

फिरून आल्यावर पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसून कोरडे करतो, बोटांच्या मध्येसुद्धा. औषध थांबलं नाही पण कमी लागतं. बुटक्या कुत्र्याचं पोट गवताला घासतच जातं, हे मला माझ्या उंचीवरून कळलंच नव्हतं. एक दिवस मुलगा जमिनीवर आडवा पडून त्याच्याकडे बघत होता, तो म्हणाला.

अर्धीझोप

तुमचं सगळं वाचत होते दिवसभर. पायरीवर_ऊन, ते "नुसती बघतेय" माझ्या डोक्यातून जात नाहीये.

अपडेट आहे. संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचे दादा भेटले, कडेवर पिल्लू. मी न राहवून म्हटलं, खाजवतं का हो रात्री? शेपटीशी कंगवा फिरवून बघा, ओला कापूस घ्या, आणि पंजे... ते जरा घाबरले. म्हणाले, "खाजबिज काही नाही ताई. त्याला चकतीचा आवाज आवडतो. रात्री उठून मान हलवतो आणि ऐकत बसतो."

मी तरी कंगवा फिरवला. स्वच्छ होतं.

बिनसाखरेची

वादक आहे की!

वाळूचं_घड्याळ

चकती रात्री काढून ठेवा म्हणावं. तुम्हालाही झोप.

अर्धीझोप

म्हणणार होते. नाही म्हटलं.

पळतेय_नंतर_लिहिते

आले. सॉरी, काल राहिलंच. तर पगचे कान. आंबूस वास यायचा, ओलं पायपुसणं तीन दिवस बादलीत विसरल्यासारखा. मी कानकाड्या घालून साफ करायचे, म्हणजे मळ आत ढकलत होते. यीस्ट निघालं, मॅलॅसेझिया. ते बरं केलं की दोन महिन्यांनी परत, परत, परत. शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं, कान हा आजार नाही, ॲलर्जी आहे, कान फक्त बोंबलतोय. आणि मागच्या वेळचे उरलेले थेंब आपल्या मनाने घालायचे नाहीत, आधी पडदा शाबूत आहे का ते बघावं लागतं. अजून एक, तो बूड जमिनीला घासत फिरायचा, आम्ही हसायचो, व्हिडिओसुद्धा काढलाय. तेही त्यातलंच निघालं, गुदग्रंथी भरल्या होत्या. आता तो व्हिडिओ बघवत ना
बेल वाजली, आलेच