सल्ला हवा: सांगलीत मंगल कार्यालयाच्या साउंडसाठी पॉवर केबल आणि कनेक्टर कोणते घ्यावेत?

रॅकवाला_सांगली
नमस्कार मंडळी. गावभागात एका मंगल कार्यालयाचं साउंडचं काम मिळालंय. आजवर भाड्याचीच कामं केली, कायमचं बसवायचं हे पहिलंच. रॅकमध्ये ३ अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर), १ प्रोसेसर, वायरलेस माइकचा संच, शिवाय छताला प्रोजेक्टर. मेन डीबी (विजेचा मुख्य बोर्ड) तळमजल्यावर जिन्याखाली, रॅक स्टेजमागच्या खोलीत. वायरचा रस्ता धरून टेपनं मोजलं, ४० मीटर भरतं.
प्रश्न दोनच. डीबीपासून रॅकपर्यंत वायर किती स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची)? आणि रॅकला कनेक्टर कुठला: साधा १६ अँपचा टॉप (प्लग), इंडस्ट्रियल की पॉवरकॉन (लॉक होणारा पॉवर कनेक्टर)? केबल आणि कनेक्टर मिळून बजेट १८ हजार. त्याच्यावर मालक एक रुपया सोडणार नाहीत.

एलईडी_पाटील
दुसरं काही बघूच नका, ट्रू-वन घ्या, म्हणजे पॉवरकॉनचा नवा प्रकार. आमच्या एलईडी वॉलला सगळीकडे तेच आहे. खट्कन बसतं, लॉक होतं, कुणाचा पाय अडकला तरी निघत नाही. जुनं निळं पॉवरकॉन घेऊ नका, ते चालू लोडवर काढायचं नसतं. ट्रू-वन काढलं तर चालतं. दोन्ही एकमेकांत बसतही नाहीत, उगाच मिक्स करून घोळ घालाल. आणि अस्सल न्यूट्रिक कंपनीचंच घ्या, डुप्लिकेट दिसायला डिट्टो असतं. १८ हजारांत हे बसणार नाही, मालकांना ३५ सांगा. लग्न एकदाच होतं, वायरिंगही एकदाच होतं.

रॅकवाला_सांगली
पाटील, मालकांचं हे तिसरं कार्यालय आहे. ३५ म्हटलं तर मलाच अक्षता टाकून वाटेला लावतील.

बापू_वायरमन
पोरा, ३४ वर्सं वायरिंग करतोय. अडीच स्क्वेअर टाक डोळं झाकून, फिनोलेक्स न्हाय तर पॉलिकॅब. आन् १६ चा टॉप. हे ट्रू-वन बिवन आमी कदी बगितलं न्हाय आन् आमचं काय अडलंबी न्हाय. फकस्त अर्थिंग बग. निम्म्या कार्यालयात हिरवी वायर बोर्डापातुर येती आन् पुढं मेलेली असती. टेस्टरनं कळत न्हाय, फेज आन् अर्थमधी दिवा लावून बगायचं.

सातारकर_साउंड
बापू बरोबर. मी पण अडीचच वापरतो. पण माझा किस्सा ऐका. कोरेगाव रोडला एका लग्नात ५० मीटरचा ड्रम घेतला होता, जरूर १५ मीटरचीच होती. बाकीची वायर ड्रमवर गुंडाळलेलीच ठेवली. तासाभरात वास यायला लागला. हात लावला तर ड्रम इस्त्रीसारखा तापलेला. उलगडून बघितलं तर आतल्या वेढ्यांचं पीव्हीसी एकमेकांना चिकटून गोळा झालेला, वरचे वेढे मात्र नव्यासारखे. तेव्हापासून लोड असेल तर ड्रम पूर्ण उलगडतो, मग वायर मांडवात वेटोळं घालून पडली तरी चालेल. नवऱ्याचे काका त्यात अडकून पडले तो वेगळा विषय.

मिरजेचा_तंबोरा
वायरचं जाऊ द्या, हुमचं काय करणार? आमच्याकडे मिरजेत तानपुरा लावताना जवारीसाठी कारागीर अर्धा दिवस घालवतो. आणि तुमच्या स्पीकरमधून सतत ती घूंऽऽ. मागच्या महिन्यात एका सभागृहात साउंडवाल्यानं सरळ लॅपटॉपच्या टॉपची मधली, अर्थची पिन काढली, घूं गेली. तसंच करा, फुकटात काम.

अश्विनी_के
तंबोरेवाले काका, कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. हुम जायला अर्थ तोडला आणि उद्या अ‍ॅम्पच्या बॉडीवर फेज आला, तर वायरचा माइक ओल्या हातात धरलेली गायिकाच अर्थ होईल. हुमचा लूप ऑडिओच्या वायरीत तोडतात: लॅपटॉपला ट्रान्सफॉर्मरवाला डीआय (ऑडिओची थेट जोडणी तोडणारा डबा) लावा, बाकी लाइन बॅलन्स्ड (हुम आपोआप कापणाऱ्या) ठेवा. आणि सगळी यंत्रं एकाच डीबीच्या एकाच अर्थवर आणा. निम्मा हुम तिथेच जातो.
आता मूळ प्रश्न. वायर ४० मीटर जाते आणि ४० परत येते, म्हणजे ८० मीटर तांबं. फ्लेक्सिबल वायरला किलोमीटरमागे साधारण असे ओहम धरा: दीडला १३, अडीचला ८, चारला ५. १६ अँपवर दीडमध्ये १७ व्होल्ट जातात, अडीचमध्ये १०, चारमध्ये साडेसहा. लग्नसराईत संध्याकाळी बोर्डावर २०५ येत असतील, तर दीडच्या वायरीनं रॅकवर १८८ पोचतील. त्यात जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्पचा दम जातो. पीएफसीवाला, म्हणजे नव्या इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लायचा, अ‍ॅम्प उलट व्होल्टेज पडलं की जास्त करंट ओढतो. मी चार सांगेन.

बापू_वायरमन
म्याडम, अडीचनं आजपातुर काय जळलं न्हाय.

अश्विनी_के
बापू, जळणार नाहीच. मी जळण्याबद्दल बोलतच नाहीये.

भाव_सांगा
ट्रू-वनचा भाव काय चालू आहे सांगलीत? आणि अडीच बरी का चार बरी?

कुपवाड_मेंटेनन्स
एमआयडीसीत १५ वर्षं आहे, म्हणून बोलतो. निळं १६ अँपचं इंडस्ट्रियल सॉकेट घ्या, तीन पिनचं. स्प्रिंगचं झाकण असतं, पाणी उडालं तरी चालतं, पिन जाड. रुखवतावर मांडायच्या लायकीचं नाही, पण रॅकमागे कोण बघतंय?
खरा फायदा निराळाच. कार्यालयात तुमच्या टॉपचा शत्रू कोण? आचारी. साधं १६ चं सॉकेट दिसलं की तो त्यात मिक्सर लावणार, नाहीतर आइस्क्रीमवाला फ्रीजर. निळ्या सॉकेटमध्ये त्यांचा टॉप बसतच नाही.
आणि अ‍ॅम्पच्या लेबलवर १५ अँप वाचून घाबरू नका. गाण्याला, भाषणाला अ‍ॅम्प सतत पूर्ण ताकदीनं चालत नाही, म्हणून बहुतेक कंपन्या मॅन्युअलमध्ये १/८ पॉवरचा करंट वेगळा देतात. लोड धरताना तो धरा. पण स्विच टाकताच ट्रान्सफॉर्मर झटका मारतो, त्यामुळे बी कर्व्हची, म्हणजे झटक्याला लवकर पडणारी एमसीबी (जास्त करंटला पडणारा स्विच) उगाच ट्रिप होईल, सी घ्या. वर ३० मिलिअँपचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं) हवंच. शक्य असेल तर सिक्वेन्सर, म्हणजे अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी चालू आणि सगळ्यात आधी बंद.

एलईडी_पाटील
आचारी ट्रू-वनमध्ये पण लावू शकत नाही. मी आधीच सांगितलंय.

सातारकर_साउंड
रंगांकडे पण लक्ष ठेवा. माझ्या ओळखीत एकाच्या पोरानं प्रोजेक्टर घालवलाय. प्रोजेक्टरच्या कॉर्डमध्ये तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. पोरगं थ्री फेजच्या बोर्डावर वाढलेलं: लाल, पिवळा, निळा म्हणजे तीन फेज, काळी न्यूट्रल. निळी बघितली आणि दिली बी (निळ्या) फेजवर, तपकिरी आर (लाल) फेजवर. प्रोजेक्टरला थेट ४१५. धूर निघाला तेव्हा स्टेजवर मंगलाष्टकं चालू होती, लोकांना वाटलं कार्यालयाकडून फॉगची सोय आहे. तयार कॉर्डमधली निळी म्हणजे न्यूट्रल, हे पोरांकडून घोकून घ्या.

बापू_वायरमन
ह्ये खरं. माझ्या हाताखालचीबी ह्योच घोळ घालत्यात.

गावभाग_१९
जरा थांबा. डीबी तळमजल्यावर, जिन्याखाली, आणि कार्यालय गावभागात? भावा, २०१९ चा पूर विसरलास का? आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं होतं कृष्णेचं पाणी. आमच्या घरचा मीटर पाण्याखाली होता. आधी डीबी वर घे, मग स्क्वेअर मोजत बस.

कुपवाड_मेंटेनन्स
२००५ पण काही कमी नव्हतं.

गावभाग_१९
२००५ ला आमच्या उंबऱ्याला लागलं होतं, २०१९ ला देव्हाऱ्याला. फरक आहे, साहेब.

मिरजेचा_तंबोरा
पुराचं पुरात बघू. मुळात एवढा साउंड लावायचाच कशाला? १० नंतर बंद करायचा आणि १० च्या आत कोण ऐकतं? जेवणाच्या पंगतीला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

अश्विनी_के
पुराचा मुद्दा अजिबात बाजूचा नाही. एकदा पाणी शिरलेली एमसीबी वाळवून वापरायची नसते, बदलायचीच. रॅकवाले, तुमच्या तिन्ही अ‍ॅम्पच्या मागे इनलेट (कॉर्ड लागते ते भोक) कुठला आहे? अजून कुणी विचारलंच नाही.

रॅकवाला_सांगली
दोन मोठ्यांना चौकोनी चपट्या पिनांचं, जाड. एकाला कॉम्प्युटरसारखं.

अश्विनी_के
म्हणजे दोघांना सी-१९ ची कॉर्ड लागेल, १६ अँपची. तिसऱ्याला सी-१३, ती १० अँपची. ट्रू-वन अ‍ॅम्पला लागतच नाही, फार तर रॅकच्या पॅनेलवर लागेल. एवढी भांडणं त्या एका भोकासाठी चाललीत.
पैसे कॉर्डवर घाला. मी स्वस्तातली एक सी-१३ कॉर्ड कापून बघितली होती. वर १.० स्क्वेअर छापलेलं, आतल्या तारा मोजायला बसले तर बोटाला लागेनात. एक तार ब्लेडनं खरवडली, तर तांब्याचा रंग निघून खाली पांढरी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. हातात घेतली तरी कळतं, बंडल हलकं लागतं. आयएस ६९४ (वायरचं भारतीय मानक) छापलेली आणि बिलासकट मिळेल तीच घ्या.

भाव_सांगा
मॅडम, सी-१९ चा भाव?

कुपवाड_मेंटेनन्स
आणखी एक. स्पीकरला स्पीकॉन (स्पीकरच्या वायरीचा लॉकवाला कनेक्टर) असेल तर ट्रू-वन, पॉवरकॉन लांबून तसेच दिसतात. आमच्या एका पाहुण्यानं "सोपं पडतं" म्हणून स्पीकॉनमधून २३० काढलं होतं. पुढच्या कार्यक्रमाला दुसऱ्यानं ती कॉर्ड स्पीकरला लावली. स्पीकर एकदाच बोलला.

रॅकवाला_सांगली
मंडळी, सगळ्यांचे आभार. उशीर झाला, काम उरकूनच आलो. काय केलं ते सांगतो, शिव्या खायची तयारी आहे.
वायर चार स्क्वेअर, अश्विनीताईंचा हिशोब मालकांना कागदावर मांडून दाखवला. बंडल ९० मीटरचं येतं, म्हणजे एकातून ४५ चे दोन तुकडे; लाल एक बंडल, काळं एक. दुसऱ्या लाल-काळ्या तुकड्यांत प्रोजेक्टरचं वेगळं सर्किट बसलं. हिरवी सुटी घेतली. टोकांना थिंबल (तारांवर दाबायच्या धातूच्या टोप्या) दाबून लावलेत, तारा पिळून स्क्रूखाली घातल्या नाहीत. बापू, दिवा लावून अर्थ बघितला, खरंच मेलेला होता. बाहेर नवा खड्डा मारला. डीबी पहिल्या मजल्याच्या वळणावर नेला. तो खर्च मालकांनी वेगळा दिला, त्यांच्या गोडाऊनमधली हळद २०१९ ला भिजली होती म्हणून.
कनेक्टर मात्र बापूंचा साधा १६ चाच. ट्रू-वन नाही, इंडस्ट्रियल नाही. चारची वायर थेट लोखंडी पेटीत, पेटीत एमसीबी, आरसीसीबी आणि साधी १६ अँपची चार सॉकेट, पेटीला कुलूप. अ‍ॅम्प बदलायची वेळ रात्री ८ वाजता आली, तर साधा टॉप कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, ट्रू-वन कुठं शोधत फिरू? बिल १७,४०० झालं.

एलईडी_पाटील
चार महिन्यांनी ट्रू-वन विचारायला इथेच याल.

बापू_वायरमन
अडीचनं झालं असतं. पन पेटी झ्याक.

कुपवाड_मेंटेनन्स
साधी सॉकेट? पेटीची किल्ली कुणाकडे आहे?

रॅकवाला_सांगली
एक माझ्याकडे, एक मॅनेजरकडे.

कुपवाड_मेंटेनन्स
आणि मॅनेजरचा आचाऱ्याशी काय संबंध?

रॅकवाला_सांगली
सख्खा मेहुणा आहे त्याचा.