मदत हवी आहे: बदकांच्या अंड्यांत जीवच धरत नाही, तिसरी खेप वाया

घणसोलीकर:
तिसऱ्यांदा अंडी वाया गेली. दोनदा मशीनमध्ये ठेवली, एकदा खुडूक कोंबडीखाली. दर वेळी १५-१६ अंडी, पिल्लू एक नाही. चार माद्या, एक नर. नर घरचाच, धडधाकट. रोज टाक्यात जोडी लागते, डोळ्यांनी बघतो. तापमान वगैरे व्यवस्थित आहे. काय चुकतंय ते लवकर सांगा, पुढची अंडी साठवून ठेवली आहेत.

कळवा_पश्चिम:
व्यवस्थित म्हणजे किती? ३७.५ ठेवा. बदकाच्या अंड्याला कोंबडीच्या अंड्यापेक्षा दमटपणा जास्त लागतो. मी कोमट पाणी शिंपडतो.

पनवेल_वाडी:
मशीन बंदच करा. खुडूक कोंबडीसारखी ऊब कुठलं मशीन देणार?

घणसोलीकर:
कोंबडीखालीही ठेवली होती, वर लिहिलंय. वाचा ना जरा.

ऐरोली_रोहिणी:
टॉर्च लावून पाहिलंत का? शिरा धरून मग मेलं, की पहिल्यापासून काहीच नाही? दोन्हींची कारणं वेगळी असतात. जातही लिहिलेली नाही.

घणसोलीकर:
सातव्या दिवशी खोलीत अंधार करून मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरून पाहिलं. आत स्वच्छ पिवळं. अंडं फिरवलं की बलकाची सावली तेवढी सरकते, शिरेचा लाल धागासुद्धा नाही. माद्या पांढऱ्या, पेकिन.

उरण_खाडी:
बारीक मासळी द्या, आठ दिवसांत फरक पडेल. नुसत्या कोंड्यावर नरात जोर राहत नाही.

ऐरोली_रोहिणी:
थांबा. मशीन आणि कोंबडी दोन्ही सुटली, कारण जीव धरलेलाच नाही. नर दिसायला कसा आहे? 'घरचाच' म्हणजे कोणाचं पिल्लू?

घणसोलीकर:
पांढरा, डोक्यावर काळा ठिपका, चोचीच्या मुळाशी जराशी लाल कातडी. अंगाने माद्यांपेक्षा बराच मोठा. आई ह्यातलीच एक. बाप लाल गाठींच्या तोंडाचा होता, तो फुसफुसणारा, मस्कव्ही. दिवाळीनंतर तो विकला. गेल्या वर्षी त्याच्याकडून १४ अंड्यांत तीनच पिल्लं निघाली, त्यातला हा राजा. पण याचा इथे काय संबंध?

ऐरोली_रोहिणी:
सगळा संबंध इथेच आहे. मस्कव्ही मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. पेकिन, खाकी कॅम्पबेल, रनर ह्या जाती मॅलार्ड या रानबदकापासून आल्या. म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळ्या प्रजातींचा संकर झाला. त्यातून पिल्लं होतात, चांगली पोसतात. फ्रान्स-तैवानमध्ये मांसासाठी मुद्दाम करतात. पण ती पिल्लं वांझ असतात, नर काय नि मादी काय. राजा जोडी लावेल, पण त्याच्यापासून जीव धरणार नाही. ना मासळीने, ना औषधाने.

पनवेल_वाडी:
चुकीचं सांगू नका. मी खाकी आणि पांढऱ्याचा संकर केला, तिसरी पिढी अंडी घालतेय.

ऐरोली_रोहिणी:
घालणारच. ती दोन्ही मॅलार्डच्याच वंशातली, एकाच प्रजातीची. गावठी आणि गिर गाईंचा संकर झाला तर वासरू वांझ निघत नाही, तसंच. राजाचं खेचरासारखं आहे.

कळवा_पश्चिम:
खेचरात गुणसूत्रांचा आकडा जुळत नाही, घोडा ६४, गाढव ६२. बदकांतही तेच असणार.

ऐरोली_रोहिणी:
नाही, मस्कव्ही आणि मॅलार्ड दोघांची ८०च. आकडा सारखा असूनही दोन्हींची गुणसूत्रं नीट जोड्या लावत नाहीत.

भांडुप_कडे:
दम्याला बदकाचं अंडं लागू पडतं म्हणतात. विकत द्याल का?

खारफुटी_वाचवा:
तसा पुरावा नाही, औषध डॉक्टरांना विचारा. माझी एक विनंती: ही बदकं खाडीकडे सोडू नका. आपल्याकडे हळदी-कुंकू बदक आहे, ते मॅलार्डचं जवळचं नातेवाईक. पाळीव पांढऱ्याशी त्याचा संकर झाला तर पिल्लं वांझ नसतात, म्हणजे रानातला वंश हळूहळू मिसळत जातो. न्यूझीलंडमध्ये तिथल्या ग्रे डकचं मॅलार्डमुळे हेच झालं. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला लोक येतात. हळदी-कुंकूकडे कोणी वळून बघत नाही, म्हणून सांगतो.

घणसोलीकर:
आमची टाकी आणि जाळी, बाहेर जात नाहीत. म्हणजे राजा कधीच बाप होणार नाही? अंड्यातून अडकला होता, कवच मीच फोडून काढला. हाक मारली की घरात येतो. आणि मी चार महिने मशीनला दोष देत बसलो.

ऐरोली_रोहिणी:
राजाला ठेवा, पण माद्यांपासून वेगळा. नाहीतर तोच पुढे पुढे करेल आणि नव्या नराला जवळ येऊ देणार नाही. पेकिन किंवा खाकीचा एक तरुण नर आणा, चार माद्यांना पुरे. त्यानंतर दोन आठवडे थांबून अंडी गोळा करा. साठवलेली उबवायला ठेवू नका, खाऊन टाका.

घणसोलीकर:
पुन्हा मस्कव्हीच आणला तर?

ऐरोली_रोहिणी:
पिल्लं पुन्हा राजासारखीच. आणि ती अंडी उबायला २८ नाही, ३२ दिवसांच्या आसपास लागतात.

घणसोलीकर:
नको मग. पेकिनचाच नर बघतो, रविवारी पनवेलच्या पुढे एका शेतावर जातोय. राजासाठी भिंतीकडे वेगळी जाळी मारायला घेतली आहे, टाकीतलं पाणी त्यालाही मिळेल अशी.