मदत हवी आहे: जपानी ओळीत रोमन शब्द बसवताना

नमस्कार मंडळी,

टोकियोतल्या एका छोट्या कलादालनासाठी मातीच्या भांड्यांच्या प्रदर्शनाचा कॅटलॉग लावतेय. लेख जपानी, पण विषय हामादा शोजी आणि बर्नार्ड लीच या कुंभार-कलावंतांनी १९२० साली इंग्लंडात सेंट आइव्हजला उभारलेली भट्टी. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक ओळीत रोमन नावं.

जपानीला र्‍यूमिन मिन्चो हा फाँट, आकार १३ क्यू (एक क्यू म्हणजे पाव मिलिमीटर, एकूण सव्वातीन मिलिमीटर). रोमनला गॅरामंड फाँट. पहिल्या प्रूफात रोमन शब्द बारके आणि फिके दिसले. र्‍यूमिनमधलीच रोमन अक्षरं लावली, तर 'जी' आणि 'वाय'च्या शेपट्या आखूड वाटतात. जपानी अक्षराच्या चौकोनाची उंची हजार भाग धरली, तर बेसलाइनखाली (रोमन अक्षरं ज्या रेषेवर बसतात, तिच्याखाली) साधारण १२०च भाग येतात. तेवढ्यात शेपूट मोकळी सुटणार कशी?

म्हणून परत गॅरामंड, ११० टक्के. रंग (मजकुराचा गडदपणा) जुळला, पण खरी अडचण पुढेच आहे. कांजीचं (जपानीतल्या चिनी चित्राक्षराचं) बूड बेसलाइनच्या थोडं खाली जातं, म्हणून रोमन शब्द तरंगतो. तो खाली ओढला, तर 'ए', 'ओ', 'एन'सारखी बुटकी अक्षरं आणखी बुडतात, कारण त्यांचा मध्य आधीच कांजीच्या मध्याखाली असतो. देवनागरीत निदान शिरोरेषा धरून नजर लावता येते. इथे काय धरू?

शिवाय 'पॉटर्स'मधला अपॉस्ट्रॉफी एका कांजीएवढी जागा खातो आणि शब्द दुभंगतो. प्रस्तावना उभ्या ओळींत आहे. तिथे आडवे झोपवलेले रोमन शब्द स्तंभात डावीकडे कललेले दिसतात.

शुक्रवारी फाइल छापखान्यात द्यायचीय. कोणी हे काम केलंय का?

प्रतिसाद १

अपॉस्ट्रॉफी र्‍यूमिनमधून येतोय. इनडिझाइनमध्ये (पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ग्रेप स्टाइल, म्हणजे अक्षरांचा नमुना ओळखून आपोआप स्टाइल लावणारा नियम, करा: दोन्ही बाजूंना रोमन अक्षर असेल, तर चिन्हाला गॅरामंड. कंपोझिट फाँटमध्ये (जपानी आणि रोमन फाँट जोडून केलेल्या संचात) ते विशेष अक्षर म्हणूनही घालता येतं.

बेसलाइनसाठी कांजी धरू नका, हिरागाना (उच्चारानुसार लिहायची साधी जपानी अक्षरं) धरा. ओळीत संख्येने तीच जास्त असतात आणि कांजीपेक्षा लहान. मी आकार वाढवल्यावर बेसलाइन जवळपास हलवतच नाही. उभ्या मजकुरात मात्र रोमन शब्द उजवीकडे सरकवते, त्यासाठी वेगळी कॅरेक्टर स्टाइल ठेवा. तिथली सालं कांजी अंकांत लिहा. दोन आकडी संख्या तातेचूयोको करून, म्हणजे दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवून, उभ्या ओळीत सरळ बसवा.

जपानी आणि रोमनमधली जागा किती ठेवलीय? जेआयएस एक्स ४०५१ या जपानी अक्षरजुळणीच्या मानकाप्रमाणे पाव चौकोन. मला १३ क्यूला तीही सैल वाटते.

धागाकर्ती

अपॉस्ट्रॉफी सुटला, मनापासून आभार! पाव चौकोनच होता. अष्टमांश करून प्रिंट काढला, ओळ पुष्कळ सलग वाटतेय. हिरागाना धरून बेसलाइन मूळ जागी नेली, लहान अक्षरांची नावं छान बसली. फक्त सगळी कॅपिटल असलेली शीर्षकं अजून मोठी दिसताहेत. ती १०४ टक्क्यांवर आणू, की त्यांना ११०च ठेवून अक्षरांतली जागा वाढवू?