आईबाबांच्या घरी इंटरनेटवरचा फोन घ्यायचाय, कोणाचा घ्यावा?

वाकडकर:
सदाशिव पेठेतल्या घरी आईबाबा दोघंच असतात. रस्ता खणला की त्यांची तांब्याची लाईन जाते, या पावसाळ्यात तर पार बंदच पडलीय. बाबांना मोबाईलवर नीट ऐकू येत नाही, त्यांना रिसिव्हरच हवा. फायबरबरोबर फोन देतात त्यात कोणाचा बरा? आणि ०२० चा जुना नंबर राहील का, सगळ्या नातेवाइकांकडे तोच आहे.

पेठेतला:
आधी नंबरचं बघ. मोबाईलसारखा लँडलाईनचा नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट होत नाही आपल्याकडे. लाईन बीएसएनएलची असेल तर त्यांच्याच फायबरवर जा, नंबर तोच ठेवता येतो, फक्त अर्जात तसं लिहून दे. जिओ, एअरटेल घेतलंस तर नवा नंबर.

जुना_टेक्निशियन:
स्पीडच्या मागे लागू नका दादा, एका कॉलला १०० केबीपीएसच्या आसपासच लागतं. खरी गोष्ट लाईटची आहे. जुन्या फोनला एक्सचेंजमधून ४८ व्होल्ट त्याच तारेतून यायचे म्हणून घरात अंधार असला तरी तो चालायचा, फायबर म्हणजे काच, त्यातून वीज येत नाही, ओएनटी, म्हणजे फायबर ज्यात येते तो घरातला डबा, बंद झाला की फोन गेलाच. आणि गुरुवारी महावितरणचं काम निघतं, लाईट जाते, ते माहितीये ना. ओएनटीच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलं असेल तर तेवढ्याचाच मिनी यूपीएस, म्हणजे छोटा बॅटरी बॅकअप, लावा, अँपिअरही जुळवून बघा. फोनची वायर ओएनटीच्या मागे ज्या अरुंद खाचेवर फोन किंवा टेल लिहिलंय तिथेच जाते, शेजारच्या रुंद खाचा लॅनच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या इंटरनेट वायरीच्या. तबकडीचा फोन असेल तर बहुतेक ओएनटीवर नंबर लागत नाही, बटणांचा घ्या.

कर्वेनगरची_ताई:
कंपनीपेक्षा त्या वाड्यात किंवा सोसायटीत दुरुस्तीला कोण येतं ते शेजाऱ्यांना विचार. आमच्याकडे फायबर तुटली तेव्हा कस्टमर केअरवाले नुसते तक्रार नंबर देत राहिले आणि सासूबाई आठवडाभर फोनशिवाय, जीव नुसता टांगणीला. वयस्कर माणसं एकटी असतात तिथे ११२ लावायला एक साधा मोबाईल चार्ज करून ठेवच.

वाकडकर:
लाईन बीएसएनएलचीच आहे, मग तेच करतो. यूपीएसही घेतो. बाबांना डायल करायला काही नवीन शिकवावं लागेल का?

जुना_टेक्निशियन:
नाही. मोबाईलला लावताना आधी शून्य, ते जानेवारी २०२१ पासून आहेच.